सगुणाकाकूचा मोजा आणि बाळूकाकांचा पाय

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. नाहीतर ते डोक्यात गोल गोल फिरत बसणार आणि मला दुसरं काही सुचणार नाही. भराभर टाइप करतेय, चुकलं तर समजून घ्या.

आज आमच्या ऑफिसात पूजा होती. ऑफिस कल्याणला, मी नवीन. सगळ्यांनी बूट दाराशी काढले, मीपण काढले. शेजारच्या टेबलची मुलगी माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "ए, तुझ्या मोज्यावर हे काय आहे? मुंगी?"

मी म्हटलं, नाही. म्हणजे असेलही. किटलीपण असू शकते.

"आणि दुसऱ्या मोज्यावर?"

दुसऱ्यावर काहीच नाही.

"म्हणजे राहिलं का करायचं?"

नाही गं, ते असंच असतं. मग मी तिला सगुणाकाकूबद्दल सांगायला लागले आणि थोड्याच वेळात ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिला बनवतेय. "पायावर? कुणाच्या पायावर?" काकांच्या. "म्हणजे काका बसून राहायचे?" हो, पण पाय त्यांना लावलेला नसायचा. तेवढ्यात आरती सुरू झाली. ती टाळ्या वाजवता वाजवता मला एकदा बघून घेत होती. म्हणून म्हटलं, नीट लिहूनच काढते. नीट लिहिल्यावर मलातरी कळेल.

तर किन्हवलीला आमच्या घराला लागून सगुणाकाकूचं घर. मध्ये फक्त तुरीच्या काटक्यांचं कुंपण, त्यात एक भगदाड, त्यातून जाऊन येऊन आम्ही मोठे झालो. काकू बारीक, काळी, ताठ. सुई ठेवायची जागा म्हणजे पदराचं टोक. तिला मिठी मारायची सोय नव्हती, टोचायचं. बोलताना तिचं ठरलेलं वाक्य, "मना काय कळतंय गो," आणि त्याच्यानंतर जे तिला कळतंय ते सगळं. ती कुणाचंच ऐकायची नाही, पण तुम्ही काही सांगायला लागलात की हातातलं काम न थांबवता "हां, पुढं?" म्हणायची. इतकं छान म्हणायची की माणूस नको ते सांगून बसायचा.

ती तिथल्या मुलींच्या होस्टेलमध्ये स्वयंपाकाला होती. होस्टेलमध्ये लांबच्या पाड्यांवरच्या मुली. शाळेत पांढरे मोजे सक्तीचे. सगळ्यांचे मोजे एका दोरीवर वाळत आणि रोज सकाळी मारामारी. हा माझा, हा तुझा, तुझ्याला भोक होतं, माझ्याला नव्हतं. एकदा एक मुलगी मोज्यापायी इतकी रडली की शाळेतच गेली नाही. तेव्हा काकूने भाकऱ्या झाल्यावर तिचा मोजा घेतला आणि घोट्याच्या जागी लाल दोऱ्याने एक एवढीशी मिरची भरून दिली. झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या रांगेत.

काय काढू असं काकू कुणालाच विचारायची नाही. "इचारलं की सगळ्या फुलपाखरूच सांगतात." म्हणून ती स्वतःच ठरवायची. तोंडाकडे बघायची थोडा वेळ आणि मग सुरू. एकीला खेकडा. एकीला भेंडी. एकीला एसटीचं दार, नुसतं दार, गाडी नाही. आम्ही बहिणीपण त्याच शाळेत, तर माझ्या बहिणीला काजवा. मला ती मुंगी का किटली. मी कितीदा विचारलं, "काकू, हे हाय काय नक्की?" तर म्हणायची, "तुजं तुला कळाया पायजे." आता मला कसं कळणार?

आणि खरी गंमत पुढे आहे. काकू जोडीतल्या एकाच मोज्यावर काढायची. दुसरा कोरा. मुली म्हणाल्या, अगं काकू, मग दुसरा मोजा ओळखायचा कसा? सगळ्यांचे कोरे मोजे तर परत एक होणार! काकूने शांतपणे दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "एक तरी आपला हाय ना? दुसऱ्याचं काय एवढं?"

म्हणजे मारामारी अर्धी राहिली आणि अर्धी मिटली. मी अजून विचार करते, हे बरोबर आहे का चूक आहे. बाळूकाकांचं म्हणणं साधं होतं, "आरं, माझा पाय एकच ना. एकावरच होईल."

आता पाय.

बाळूकाका म्हणजे काकूचा नवरा. गोल चेहरा, सारखे हसणार. मी लहान असताना त्यांना भाताच्या खाचरात घोणस चावली होती. जीव वाचला, डावा पाय गुडघ्याखालून गेला. मग शहापूरला एका शिबिरात त्यांना नवा पाय मिळाला. वर कप्पा, त्यात गुडघ्याखालचा भाग बसतो, आणि खाली रबरी पाऊल, अगदी खऱ्यासारखं, बोटं, टाच सगळं. काका इतके खूश झाले की जुन्या कुबड्या त्यांनी तिथल्या तिथे दुसऱ्या एका माणसाला देऊन टाकल्या. ही त्यांची मोठी चूक.

कारण मोज्यावर भरतकाम करायचं म्हणजे मोजा ताणलेला लागतो. सपाट ठेवून टाके घातले की पाय घालताना दोरा कटकन तुटतो. रिंगमध्ये बसवला तर मोजा वेडावाकडा होतो. काकूने बाटली घालून बघितली, लाटणं घालून बघितलं, दुधी घालून बघितला. दुधी चांगला होता, पण एक दिवस काकांनी त्याची भाजी करायला लावली. त्या दिवशी चिडून काकूची नजर फिरली ती कोपऱ्यात उभ्या असलेल्या पायावर गेली. काका जेवल्यावर पाय काढून ठेवायचे, घाम यायचा म्हणून. काकूने मोजा त्याच्यावर चढवला. कसा बसला! घोटा घोट्यावर, टाच टाचेवर. तिने पाय मांडीवर घेतला, बाळाला घेतात तसा, आणि सुई चालू.

तेव्हापासून आमच्या आळीत दुपारी एकच आवाज. "सगुणे, पाय दे गो माझा!"

"थांबा वायच. नांगी राहिलीय खेकड्याची."

"मना बाहेर जायचंय!"

"खेकड्यालापण जायचंय."

एकदा तर काय झालं, सुई रबरात घुसली आणि मोजा पायालाच शिवला गेला. काकूच्या लक्षात आलं नाही. काकांना म्हसा गावाला एका साखरपुड्याला जायचं होतं, गाडी आली, गडबड, त्यांनी पाय तसाच चढवला. एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात आठवीतल्या मुलीचा पांढरा मोजा, त्याच्यावर हिरवा बेडूक. तिथे काढायला गेले तर निघेना. सगळा साखरपुडा बेडूक बघायला. काका घरी आले ते उलट खुशीत. म्हणे, नवऱ्यामुलीपेक्षा माझेच फोटो जास्त निघाले. आणि ती आठवीतली मुलगी दुसऱ्या दिवशी एकच मोजा घालून शाळेत.

शाळेतले पीटीचे सर मात्र वैतागले. पांढरा म्हणजे पांढरा, त्यावर खेकडेबिकडे चालणार नाहीत. त्यांनी काकूला बोलावून घेतलं. मी तिथेच होते. सर म्हणाले, "मावशी, रंग नको हो." काकू म्हणाली, "बरं." मला वाटलं संपलं. तर पुढच्या आठवड्यापासून तिने पांढऱ्या मोज्यावर पांढऱ्या दोऱ्याने काढायला सुरुवात केली. काही दिसायचं नाही. बोट फिरवलं की कळायचं, इथे भेंडी आहे. सकाळी दोरीजवळ मुली डोळे मिटून मोजे चाचपत उभ्या. सर आले, त्यांनीपण एक मोजा हातात घेतला, अंगठा फिरवला, परत फिरवला. मग दोरीवर ठेवून निघून गेले. कळलं का नाही कळलं, मला नाही माहीत.

तर हे सगळं हसण्यासारखं होतं. मग रंजू गेली.

रंजू त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. एक दिवस मुरबाडला क्लासला जाते सांगून निघाली आणि संध्याकाळी फोन केला की मी लग्न केलंय, धसईला आहे. मुलगा चांगला होता. भाजीचा टेम्पो चालवायचा, घर होतं, सासू बरी होती. काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, सुखात राहा. काकूने फोन हातातच घेतला नाही. म्हणाली, "मी तिचं तोंड बघनार नाय." आणि पुन्हा तो विषय बंद.

मी एकदा विचारलंच, "काकू, पोरगा आवडला नाय का तुला?"

"पोराला काय झालंय? बरा हाय."

"मग?"

"मना सांगाया नको?"

"सांगितलं असतं तर तू हो म्हटलं असतंस?"

"नायच म्हटलं असतं," काकू म्हणाली. "पन सांगाया नको?"

मी उठून भगदाडातून घरी आले.

काका तिला आधी "रंजूचे आई" म्हणून हाक मारायचे. ते तिने बंद पाडलं, म्हणजे त्या नावाने हाक मारली की तिला ऐकूच येईना. काका दिवसभर "रंजूचे आई, रंजूचे आई" करायचे आणि शेवटी पाय पाहिजे असला की "सगुणे" म्हणायचे.

आणि पाय त्यांना रोज पाहिजे असायचा. कारण त्यांना धसईला जायचं होतं. लेकीला बघायचं होतं, बस. किन्हवलीहून दुपारच्या गाडीने मुरबाड, तिथे गाडी बदलून धसई. काका सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. जेवायचे. पाय काढायचे, कारण नाही काढला तर दिवसभर दुखायचा. आणि गाडीची वेळ व्हायच्या जरा आधी काकू यायची, पाय उचलायची, मोजा चढवायची.

"अगो, आज नको. आज गाडी धरायचीय."

"उद्या पोरीची परीक्षा हाय. मोजा द्याया पायजे."

"परीक्षा मोज्याची हाय का?"

गाडी हॉर्न वाजवत निघून जायची. हॉर्न ऐकला की काकूचा हात थांबायचा, एवढंच. मग परत चालू. मला तेव्हाच पहिल्यांदा वाटलं की ही मोजे करतेय का काकांना अडवतेय? पण मोजे तर खरंच व्हायचे. खरंच कुणाची तरी परीक्षा असायची. मी माझ्या आईला विचारलं तर आई म्हणाली, "तू अभ्यास कर."

काका जेवल्यावर पाय न काढता बसून बघायचे, तर दुखून दुखून रडकुंडीला यायचे. मग स्वतःच काढायचे आणि तिच्याकडे सरकवायचे. "घे बाई. कर तुजा बेडूक." असं महिने गेले. काका हसायचे कमी झाले. तो माणूस हसायचा कमी झाला म्हणजे आमच्या आळीत काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं. एक दिवस कुंपणाच्या भगदाडातून त्यांनी मला हाक मारली, हळू आवाजात.

"दिप्ते, गाडीत पेट्रोल हाय का?"

"हाय. कशाला?"

"मना धसईला सोड."

"आणि पाय?"

काकांनी मागे बघितलं. काकू ओटीवर, मांडीवर पाय, मान खाली. "राहू दे तिच्याजवल," काका म्हणाले. "मी असाच येतो."

मला कळेना, हो म्हणू का नको. पण ते माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडी घालत स्कूटीपर्यंत आलेसुद्धा. बसले. एक पाय फूटरेस्टवर, दुसरीकडे पँटची रिकामी नळी दुमडून खोचलेली. आम्ही निघालो तर काकूने मान वर केली नाही. स्कूटीचा आवाज तिला आला नसेल असं होऊच शकत नाही. माझी स्कूटी ट्रॅक्टरसारखी वाजते.

रस्ताभर काका गाणं म्हणत होते. खड्डा आला की गाणं थांबायचं, "हळू गो," आणि परत तिथूनच पुढे.

धसईला रंजूच्या दारात काका माझ्या खांद्याला धरून उतरले. रंजू बाहेर आली, बापाला एका पायावर उभा बघून ओरडलीच, "बाबा, पाय कुठाय?" काका म्हणाले, "तुज्या आयशीकडं हाय. तू कशी हायस?" मग दोघं रडली, हसली. रंजूने ताट केलं, वालाची उसळ, भात. काका आत जेवायला बसले. मला वाटलं, छान झालं, आता थोड्या वेळाने परत न्यायचं.

आणि रस्त्यावरून सगुणाकाकू येताना दिसली.

ती मुरबाडला गाडी बदलून आली होती. खांद्याला भाजीची कापडी पिशवी, पिशवीतून पाय वर आलेला, पावलावर पांढरा मोजा, मोज्यातून सुई लोंबतेय. घामाने चिंब. माझ्याकडे बघून पहिलं काय म्हणाली, तर, "कंडक्टर इचारतो, मावशे, याचं फुल तिकीट का हाफ?"

मी म्हटलं, "काकू, मी... काकाच म्हणाले..."

"पाय इसरून आले ते," काकू म्हणाली. "एवढा मोठा मानूस. पाय कोन इसरतं?"

तेवढ्यात रंजू दारात आली. काकूने तिला बघायच्या आतच पाठ फिरवली आणि ओट्याच्या कडेला बसली, तोंड रस्त्याकडे. पाय मांडीवर घेतला. "जरासं राहिलंय," ती मला म्हणाली. "तेवढं करून देते, मग हे लावतील."

"आई," रंजू मागून म्हणाली, "आत ये ना."

"दिप्ते, सांग तिला, आत उजेड नसतो."

"लाइट लावते."

"लाइटीनं डोलं दुखतात म्हनावं."

मग रंजूपण माझ्याशीच बोलायला लागली. "दिप्ती, विचार तिला, जेवलीस का?"

मी काकूकडे बघितलं. काकूने सुई खुपसली. "सांग," ती म्हणाली, "नाय."

रंजू आत पळाली. ताट आणून तिने आईच्या पाठीमागे ठेवलं. काकूने न वळता हात मागे केला, चाचपून ताट पुढे ओढलं, पाय बाजूला ठेवला, रस्त्याकडे बघत जेवली. सगळं जेवली. मग पाय परत मांडीवर.

आतून काका, "सगुणे! पाय दे गो! शेवटची गाडी जाईल!"

"जाऊ द्या," काकू म्हणाली.

मी चमकून बघितलं. रस्त्यावरून मुरबाडची गाडी समोरून गेली, काकूने तिच्याकडे बघितलंसुद्धा. हात मात्र चालूच. वर, खाली, वर, खाली. मी जवळ वाकून बघायला गेले की आज काय काढतेय, तर मोज्यावर काहीच पुढे गेलेलं नव्हतं. सुईत दोराच नव्हता. कधीचा संपला होता कुणास ठाऊक.

तिला दिसत नव्हतं म्हणून? का माहीत होतं? कसं विचारणार?

मला उजेडात घरी पोचायचं होतं, आईचे फोन सुरू झाले होते. मी म्हटलं, "काकू, निघते." ती "हां" म्हणाली, तशीच, रस्त्याकडे बघत. स्कूटी चालू करून वळवताना मी मागे बघितलं. रंजू दारातून बाहेर आली होती आणि ओट्यावर आईच्या शेजारी बसली होती, तीपण रस्त्याकडे तोंड करून. दोघी एका रांगेत, गाडीची वाट बघत असल्यासारख्या. कुणी कुणाचं तोंड बघत नव्हतं. मग काकूने मान न वळवता हात बाजूला केला, हातात सुई. रंजूने ती घेतली, पिशवीतल्या रिळाच्या दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, ओवली, आणि आईच्या हातात परत दिली.

त्यानंतर मी काकूला भेटलेले नाही. मला नोकरी लागली, मी इकडे आले. आई फोनवर सांगते की ती दोघं बऱ्याच दिवसांनी धसईहून घरी आली. आणि ऐका, काकू परत रोज दुपारी गाडीच्या वेळेला काकांचा पाय काढून घेते! काका परत ओरडतात! मी आईला म्हटलं, अगं मग त्या दिवशी काय झालं होतं? आई म्हणाली, मला काय माहीत, तू होतीस ना तिथे.

होते ना. तिथेच तर उभी होते, तरी मला सांगता येत नाही.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी आहे का? जे माणसाला अडवतंय का वाट करून देतंय तेच कळत नाही, असं? तुमच्यासमोर असं काही घडलंय का? घडलं असेल तर सांगा ना, तुम्ही तेव्हा काय समजलात?